तीच लिंक, दुसरी यादी

एका कॉलेजची वेबसाइट सांभाळते. सांभाळणं म्हणजे बहुतेक वेळा ऑफिसातून चढवलेल्या पीडीएफ जागेवर गेल्या का ते बघणं, आणि ‘साइट बंद आहे’ असा फोन आला की समोरच्याचं वायफाय चालू आहे का ते विचारणं. प्रवेशाच्या दिवसांत मात्र श्वास घ्यायला फुरसत नसते.

त्या दिवशी प्रथम वर्षाची गुणवत्ता यादी सकाळीच लागली. दुपारी एक पालक फीचे पैसे घेऊन आले. सकाळी मुलीचं नाव होतं, आता नाही, असं त्यांचं म्हणणं. हेडक्लार्कनी त्यांच्यासमोर लिंक उघडली, यादी वरपासून खालपर्यंत सरकवली. नाव नव्हतं. ‘दुसऱ्या कॉलेजची यादी बघितली असेल तुम्ही,’ म्हणून त्यांना वाटेला लावलं. प्राचार्यांचा मला फोन आला तो साइट हॅक झाली का हे विचारायला. आमच्याकडे कुठल्याही गोष्टीचं पहिलं कारण हॅक हेच असतं.

हॅक कसलं! सर्व्हरवरचा एफटीपीचा, म्हणजे फाइल चढवायच्या पद्धतीचा, लॉग (नोंदवही) उघडला. त्यात प्रत्येक फाइलमागे एक ओळ असते: वेळ, कुठल्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) आली, किती बाइट, काय नाव, पूर्ण पोचली की अर्धवट. सकाळी १०:४२ ला मेरिट_लिस्ट.पीडीएफ, २,१४,३०७ बाइट. दुपारी १:१८ ला तेच नाव, २,११,९५२ बाइट. दोन्ही कॉलेजच्याच आयपीवरून. म्हणजे सकाळी दुसरी यादी होती हे नक्की. त्यात कोणाची नावं होती, हे मात्र लॉगला माहीत नसतं.

क्लार्कला विचारलं तर तो गोंधळला. ‘मॅडम, सुधारित यादी आली म्हणून टाकली. नाव बदललं की लिंक बदलते, मग सर ओरडतात.’ त्याचं खोटं नव्हतं. लिंक सगळ्या ग्रुपवर फिरलेली असते, म्हणून नाव तेच ठेवायचं, असा प्राचार्यांचाच हुकूम. फाइल चढवायचा प्रोग्रॅम, फाइलझिला, खरं तर विचारतो, या नावाची फाइल तिथे आहे, काय करू? पण ‘नेहमी असंच कर’ असं त्याला सेटिंगमध्ये सांगून ठेवता येतं आणि ते कोणीतरी कधीच सांगून ठेवलं होतं. एफटीपीला तर विचारायची पद्धतच नाही. तिचे नियम ठरवणाऱ्या १९८५ च्या कागदात ‘स्टोअर’ या आज्ञेचा अर्थच असा दिलाय की त्या नावाची फाइल असेल तर तिचा मजकूर बदलावा. वेगळं नाव देऊन ठेवणारी ‘स्टोअर युनिक’ही त्याच कागदात आहे, पण वापरताना मी कोणालाच पाहिलेलं नाही. आणि सर्व्हरवर रिसायकल बिन नसतो, हे ऑफिसातल्या कोणालाही आजवर पटलेलं नाही.

बॅकअप रात्री दोनला होतो. कालच्या बॅकअपमध्ये त्या नावाखाली निघाली गेल्या वर्षीची यादी! सकाळची यादी जन्मली आणि मेली ती दोन बॅकअपच्या मधल्या वेळेत. एक्सेलची मूळ फाइल मागितली, तर त्याच शीटमध्ये ओळी उडवून कंट्रोल एस मारलेलं.

शेवटी त्या पालकांना फोन लावला आणि विचारलं, यादी बघितली कुठे? हे त्यांना तोवर एकानेही विचारलं नव्हतं. म्हणाले, ‘गेटसमोर, झेरॉक्सवाल्याकडे. प्रिंट काढून दहा रुपयाला विकत होता.’

झेरॉक्सवाल्या दादांचा डाउनलोड फोल्डर म्हणजे जुना बाजार: आधार कार्डं, लग्नपत्रिका, बायोडेटा. त्यात मेरिट_लिस्ट होती, तिच्यामागे कंसात १, २ आणि ३ लावलेल्याही होत्या. क्रोम आपणहून कुठलीच फाइल दुसरीवर लिहीत नाही, गुपचूप पुढचा आकडा लावतो. कंसात २ असलेलीवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज बघितल्या. २,१४,३०७. बाइट जुळले म्हणजे फाइल तीच, असं शंभर टक्के म्हणता येत नाही, त्याला चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, लागतो. पण तारीख आणि वेळही बसत होती. उघडली. मुलीचं नाव होतं.

पुढचं माझ्या कक्षेतलं नव्हतं. काही विद्यार्थ्यांचे गुण भरताना चुकले होते, म्हणून यादी सुधारली, असं समितीने सांगितलं. तसं असेलही. सुधारित यादी लावायचा कॉलेजला हक्क आहे, पण तिच्यावर ‘सुधारित’ असा शब्दही नव्हता. पालकांचं म्हणणं एवढंच होतं, ‘नाव गेलं ते समजून घेईन हो, पण ते नव्हतंच असं का म्हणाले?’ मला तेच डाचतंय. हेडक्लार्क खोटं बोलले नाहीत, लिंकही खरी होती, आणि तरी खरं बोलणारा माणूस चारचौघांत खोटा ठरला. पालकांची माफी मागा असं मी प्राचार्यांना सुचवलं. त्यांनी विषय साइटच्या सुरक्षेच्या एसएसएल सर्टिफिकेटवर नेला.

आता एफटीपीचा पासवर्ड ऑफिसकडे नाही. अपलोडचा फॉर्म लिहून दिलाय. तो ज्या भाषेत लिहिलाय त्या पीएचपीचं फाइल हलवणारं फंक्शनही त्याच नावाची फाइल दिसली की न विचारता तिच्यावर लिहितं, म्हणून त्याआधी तपासणी घातली: नाव आधीच असेल तर फाइल घ्यायची नाही. ग्रुपवर फिरवायला एकच कायमचं पान, त्यावर सगळ्या याद्या तारखेसकट एकाखाली एक. प्राचार्यांना हे पसारा वाटतं. ‘जुन्या याद्या काढून टाका ना, पालक गोंधळतात,’ असा निरोप परवाच आला. काढलेल्या नाहीत.