लाईट संपल्यावरचे दोन आठवडे

पाडव्याच्या आदल्या दिवशी माझा विसावा, म्हणजे शेवटचा लाईट झाला. आजार स्तनाचा कॅन्सर; आमच्याकडे त्याच्या रेडिएशनला कुणी लाईट म्हणतं, कुणी शेक. शेक म्हटलं की सासूबाईंच्या डोळ्यांसमोर तवा यायचा, म्हणून घरात लाईटच म्हणायचो. मशीनवरची मुलगी म्हणाली, "काकू, सुटलात!" मी वॉर्डातल्या मावशींना पेढे दिले. घाई झाली.

ऑपरेशन, केमो, योजनेची मंजुरी हे सगळं जमेल तसं पार पडलं, त्यावर लिहीत नाही. लाईटसुद्धा तसा सोपाच. पूर्वी 25 दिवस द्यायचे, आता बऱ्याच जणींना 15 देतात. मला त्यावर गाठीच्या जागी 5 जास्तीचे. मशीनखाली काही दुखत नाही, दोन-चार मिनिटांत बाहेर.

कागदावर लिहिलं होतं, "त्वचा लाल झाल्यास कळवा." मी सावळी. लाल कुठून होणार? तिसऱ्या आठवड्यात छातीचा तेवढा चौकोन काळवंडला, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखा. काखेत खाज, हात लावला की गरम. दर आठवड्याच्या तपासणीत ज्युनियर डॉक्टर विचारायचे, "लाल झालंय?" मी खरं ते सांगायचे, "नाही." ते 'ठीक' लिहून फाइल मिटायचे. सावळ्या बायांनो, काळी पडलेली, ताणलेली, चुरचुरणारी कातडी म्हणजेच त्यांचं ते 'लाल'. विचारायची वाट न पाहता पदर बाजूला करून दाखवा.

रामनवमीला आंघोळीआधी ब्लाउज काढायला गेले तर तो चिकटलेला. छातीखालच्या घडीत बंद्या रुपयाएवढी कातडी निघून आली, काखेत त्याहून मोठी. खाली ओलं, पाणी झिरपतंय. सुट्टी म्हणून ओपीडी बंद.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली. हॉस्पिटलच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "तुमचा कोर्स संपलाय. पुढची तारीख सहा आठवड्यांनी आहे." ड्रेसिंगच्या खोलीत सांगितलं, फाइल आणा. रेकॉर्डवाले म्हणाले, फाइल बंद होऊन वर गेली, ओपीडीचा कागद आणा. ओपीडीत कळलं की आज स्तनाच्या पेशंटचा दिवस नाही, मंगळवारी या. मी म्हटलं, मंगळवारपर्यंत ही कातडी कुठे ठेवू? बाई हसली नाही. कॅज्युअल्टीतल्या मुलानं लांबून पाहिलं आणि विचारलं, "गरम पाणी सांडलं का?" पुन्हा पहिल्या खिडकीशी आले तेव्हा दीड वाजला होता, जेवणाची सुट्टी. एक हात कमरेवर ठेवून, काख उघडी राहील अशी उभी होते मी. लोकांना वाटलं असेल भांडायला आलीये. आलेच होते.

सोडवलं ते मशीनवरच्या त्याच मुलीनं. डबा खायला निघाली होती, मला पाहून थांबली, दंड धरून थेट सिस्टरकडे घेऊन गेली. कागद नाही, फाइल नाही. सिस्टरनं सलाईननं धुतलं, न चिकटणारी जाळी ठेवली, वर गॉज. चिकटपट्टी अजिबात नाही, ती काढताना उरलेली कातडीही जाते. मोठे डॉक्टर येऊन बघून म्हणाले, "हे अपेक्षितच आहे. शेवटच्या लाईटनंतर एक-दोन आठवड्यांतच सगळ्यात जास्त होतं." लाईटनं खालच्या थरातल्या, नवी कातडी बनवणाऱ्या पेशी मार खातात. वरची झिजत राहते आणि खालून भरपाई येत नाही, म्हणून उशिरा दिसतं. समजलं. पण अपेक्षित होतं तर तारीख सहा आठवड्यांची कुणी आणि का दिली? या प्रश्नावर ते घड्याळ बघू लागले.

म्हणून शेवटच्या लाईटच्या दिवशी पेढ्यांच्या आधी हे करा: दहाव्या दिवसाची तारीख लिहून घ्या, आणि ड्रेसिंगसाठी थेट येता येईल अशी चिठ्ठी घ्या. ताप आला, पू झाला, वास येऊ लागला तर तारखेचीही वाट बघू नका.

घरी ब्रा बंद. नवऱ्याची जुनी मऊ सुती बनियन उलटी घातली, शिवण बाहेर. कोमट पाणी, सौम्य साबण, टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. पावडर नाही, बर्फ नाही, गरम पिशवीही नाही. शेजारच्या वहिनी हळद-तूप घेऊन आल्या, मी ते तूप पोळीला लावलं. आणि हो, लाईट चालू असताना काखेत रेझर फिरवू नका, हे आधी सांगायला हवं होतं.

तीन आठवड्यांत जखमा भरल्या. काळेपणा अजून आहे, उन्हात ओढणी घेते.

सहा आठवड्यांच्या तारखेला गेले. तेच ज्युनियर डॉक्टर. "मध्ये लाल वगैरे झालं होतं?" मी मोबाइल काढला. रोजचा एक फोटो काढून ठेवला होता, तारखेसकट. एकेक करून सगळे दाखवले. मागे रांग खोळंबली होती. खोळंबू दे म्हटलं.