लेन्सवरची वाफ : कोलकात्याच्या जुन्या दफनभूमीत

पहिली बारा छायाचित्रे वाया गेली. हॉटेलच्या वातानुकूलित खोलीतून निघालेला कॅमेरा ऑगस्टमधल्या कोलकात्याच्या दमट हवेत आला, पिशवी उघडताच लेन्सवर वाफ धरली आणि ती जाण्याची वाट न पाहता मी शटर दाबत राहिलो. त्या बाराही चित्रांत थडग्यांमधून पांढरट काहीतरी तरंगताना दिसते. साउथ पार्क स्ट्रीटची ही दफनभूमी झपाटलेली आहे असे शहरात बोलले जाते. पुरावा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या चित्रांपैकी काही तरी अशाच वाफेतून जन्मली असावीत, अशी शंका मला तेव्हापासून आहे.

ही जागा १७६७ साली दफनासाठी उघडली, तेव्हा ती शहराबाहेर होती आणि तिच्याकडे जाणाऱ्या आजच्या पार्क स्ट्रीटला बरियल ग्राउंड रोड म्हणत. विलायतेहून येणाऱ्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, असे त्या काळी सांगत. फाटकातून आत आल्यावर या म्हणण्यात अतिशयोक्ती फारशी वाटत नाही, कारण शिळांवर विशीतली वयेच पुन्हा पुन्हा भेटतात.

मल्लिक बाजाराकडचा गोंगाट भिंतीपाशी एकदम कमी होतो. आत पिरॅमिड, सुळके, ग्रीक खांबांचे मंडप आणि घुमट इतके दाटीवाटीने उभे आहेत की, मधल्या वाटेवरून रुंद कोनाची लेन्स वर रोखली, तर सगळे सुळके एकमेकांवर कोसळताना दिसतात. मी शेवटी ती लेन्स ठेवून दिली, शक्य तितका मागे सरकलो आणि कॅमेरा जमिनीला समांतर धरला. वर झाडांची गर्द सावली आणि फटींतून दिसणारे पांढरेफटक आकाश, यांतले एकच काहीतरी सांभाळता येत होते. मी सावली सांभाळली आणि आकाश जाऊ दिले. ओल्या चुन्यावरचे शेवाळ, त्याखालून डोकावणारी लाल वीट आणि विटेच्या सांध्यातून निघालेले पिंपळाचे दोन पानांचे रोप, हे त्या सावलीतच नीट दिसते.

सर्वांत उंच सुळका सर विल्यम जोन्स यांचा. १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे आणि ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेणारे हे न्यायाधीश १७९४ साली वयाच्या ४७ व्या वर्षी गेले. इथल्या मानाने हे दीर्घायुष्यच. रोझ एल्मर १८०० साली गेली तेव्हा २० वर्षांची होती आणि हेन्री डेरोझिओ हा कवी-शिक्षक १८३१ साली २२ वर्षांचा. रोझच्या पिळदार स्तंभापाशी मी सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण तिरप्या उजेडात त्या पिळाची प्रत्येक खाच वेगळी उठून दिसत होती.

‘हिंदू’ स्टुअर्ट म्हणून ओळखल्या गेलेल्या चार्ल्स स्टुअर्ट या सेनाधिकाऱ्याची कबर मात्र देवळासारखी आहे. तो रोज गंगेत स्नान करी आणि १८२८ साली त्याला त्याच्या काही मूर्तींसह पुरले, असे सांगतात.

एका थडग्यातून रक्त पाझरते, अशीही कथा आहे. ते दाखवायला आलेल्या रखवालदाराने मी महाराष्ट्रातला आहे हे कळताच हसून ‘बर्गी’ असे म्हटले. बारगीर या आपल्या शब्दाचे हे बंगाली रूप. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांची भीती इथल्या अंगाईत अजून टिकून आहे. त्यांच्याच धास्तीने १७४२ साली खणायला घेतलेला मराठा खंदक पुढे बुजवला गेला आणि इथून उत्तरेकडे जाणाऱ्या सर्क्युलर रोडचा बराच भाग त्यावर झाला. बंगाली मुलांना निजवण्यासाठी ज्याची भीती घालतात, तो या आवारात त्या दिवशी बहुधा मी एकटाच होतो.

रक्ताच्या थडग्यावर मला ओल्या गिलाव्यातले तांबूस ओघळ दिसले. छायाचित्रात ते रंग जराही न वाढवता पुरेसे लाल आले आहेत. निघताना शेवटचे चित्र काढले ते एका बिननावाच्या थडग्याचे : शिळा निघून गेलेला चौकोनी खळगा आणि त्यात ओठंगून वाढलेले नेचे. तोवर लेन्स पूर्ण स्वच्छ झाली होती.