टायटल क्लिअर आहे हो, पण मातीचं काय?

लहानपणी ठाण्यात कोलशेत रोडने बस निघाली की डोळे मिटूनही कळायचं आपण कुठवर आलोय ते, कारखान्यांच्या वासावरून. आता त्याच रस्त्याला टॉवर, क्लबहाऊस, जॉगिंग ट्रॅक वगैरे झालंय आणि माझी मामेबहीण तिकडेच टू बीएचके बघतेय, त्यामुळे सध्या आमचे रविवार सेल्स ऑफिसमधली फुकटची कॉफी पिण्यात चाललेत.

एका ठिकाणी मी सहज विचारलं, इथे आधी काय होतं? टॅबलेटवाला मुलगा म्हणाला, "मॅडम, ओपन लँड होती." घरी येऊन गुगल अर्थवर जुन्या सालांच्या इमेज उघडल्या (डेस्कटॉपवर घड्याळासारखं चिन्ह असतं, ते दाबून मागे जाता येतं), तर त्या ओपन लँडवर पत्र्याच्या लांबच लांब शेड, चार गोल टाक्या, आणि शेडच्या मागे कंपाउंडला लागून एक काळपट पट्टा. पुढच्या सालात शेड गेल्या, टाक्या गेल्या, पट्टा तेवढा दिसतोय, मग पावसाळ्यानंतरच्या फोटोत सगळं हिरवं. मुलगा खोटं बोलला असंही नाही, त्याने पाहिली तेव्हा ओपनच असणार.

आता बघा, आपल्याकडे घर घेताना कागद कमी बघतात का? वकील ३० वर्षांचा टायटल सर्च काढतो, सातबारा, फेरफार, प्रॉपर्टी कार्ड, एनए ऑर्डर, बोजा आहे का, महारेरा नंबर, बँकेचा वकील परत तेच सगळं वेगळी फी घेऊन बघतो. पण हे सगळं जमीन कोणाची होती याबद्दल. जमिनीवर काय चालायचं आणि जमिनीत काय मुरलं याला रकानाच नाही. जुन्या सातबाऱ्यावर भात होता की नाचणी तेसुद्धा सापडेल, पण नंतर तिथे कारखाना आला आणि ड्रम कुठे धुवायचे ते कुठल्याच कागदावर नाही. रेरा कायद्यातही टायटल, म्हणजे जमिनीची मालकी, खोटं निघालं तर कलम १८ खाली भरपाई आहे आणि तिला मुदतीची आडकाठी नाही, बांधकामातला दोष पझेशनपासून ५ वर्षांत निघाला तर बिल्डरने दुरुस्त करून द्यायचा. आणि माती खराब निघाली तर? नाव घेऊन कुठेच लिहिलेलं नाही.

बरं कागदावर असून पण उपयोग होतोच असं नाही. अमेरिकेतलं लव्ह कॅनालचं प्रकरण बघा, नायगारा फॉल्स शहरातलं. लव्ह नावाच्या माणसाने १८९० च्या दशकात खणायला घेतलेला आणि अर्धवट सोडलेला कालवा, त्यात हुकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ मध्ये सुमारे २१,००० टन केमिकल कचरा पुरला, वर माती टाकली आणि १९५३ साली ती जागा शाळा मंडळाला १ डॉलरला विकली. खरेदीखतात चक्क लिहिलं होतं की इथे केमिकल पुरलेली आहेत आणि उद्या कोणाला काही झालं तर कंपनी जबाबदार नाही. तरी तिथे शाळा झाली, शेजारी घरं झाली, लोकांनी लोन काढून घेतली. ते खरेदीखत शाळा मंडळाच्या फाइलमध्ये, आणि घर घेणाऱ्याच्या हातात त्याच्या घराचे स्वच्छ कागद. सत्तरच्या दशकात पाऊस आणि बर्फाने जमीन भरली तशी ती केमिकल घरांच्या तळघरात झिरपायला लागली. लोइस गिब्स नावाची, मुलगा त्याच शाळेत असलेली एक गृहिणी दारोदार फिरली, ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरनी आणीबाणी जाहीर केली, कुटुंबं हलवली आणि त्यातूनच १९८० मध्ये अशा विषारी जागा साफ करायचा तिथला सुपरफंड कायदा आला.

म्हणजे कंपनीची प्रत्येक जागा विषारी असं मी अजिबात म्हणत नाहीये. इंजिनिअरिंगचं वर्कशॉप होतं की रंगाचं, कातडं कमावायचे की प्लेटिंग करायचे, यावर सगळं आहे. आणि जमिनीत आहे म्हणून आपल्या अंगात येतं असंही नाही, त्याला रस्ता लागतो. पाणी, धूळ, किंवा सॉल्व्हंट आणि पेट्रोलसारख्या गोष्टींची वाफ, जी तळमजल्याच्या फरशीच्या भेगांतूनसुद्धा वर येऊ शकते. चौदाव्या मजल्यावरच्या माणसाला मातीपेक्षा बोअरची काळजी जास्त पाहिजे, कारण एप्रिल-मेमध्ये पालिकेचं पाणी कमी झालं की सोसायट्या बोअरचं पाणी घेतात ते आपल्याला माहितीये, फ्लशची लाइन आणि प्यायची लाइन वेगळी आहे हे फक्त प्लंबरच्या भरवशावर. आणि प्लीज ते टीडीएस मीटर घेऊन फिरू नका, ते पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत तेवढंच सांगतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, एकूण क्रोमियमची ०.०५. मीटर लिटरला ३०० मिलिग्रॅम दाखवतो त्यात ०.०१ कुठे दिसणार? लॅबला सांगून हेवी मेटलची टेस्ट वेगळी करून घ्यावी लागते.

खरं तर मला टॉवरपेक्षा भरावाची जास्त भीती वाटते. टॉवरवाला तीन मजली बेसमेंट खणतो, म्हणजे वरची खराब माती तशीही निघूनच जाते. पण कुठे जाते? रात्री डंपर भरून कुठल्यातरी खाडीकाठी, नाल्याकाठी, आणि त्या भरावावर कोणीतरी गुंठेवारीत प्लॉट पाडतो, तिथे ज्याला टॉवर परवडत नाही तो घर बांधतो, अंगणात अळू लावतो, पोरं मातीत खेळतात. याची चौकशी कोण करणार?

जुन्या डम्पिंगची तर वेगळीच गोष्ट. मालाडचं माइंडस्पेस चिंचोली बंदरच्या जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभं राहिलं आणि तिथल्या ऑफिसांमध्ये जमिनीतून येणाऱ्या गॅसने कॉम्प्युटर, सर्व्हर खराब व्हायला लागले, पेपरात गाजलं होतं तेव्हा. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की बंद केलेल्या लँडफिलवर १५ वर्षं देखरेख झाल्यावर, गॅस आणि झिरपणारं पाणी तपासून, जमीन स्थिर आहे हे बघूनच वस्तीचा विचार करायचा. फ्लॅट विकताना हे कोणी सांगितल्याचं ऐकलंय?

जुलै २०२५ मध्ये केंद्राने प्रदूषित जागांसाठी वेगळे नियम काढले एकदाचे. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने दर ६ महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, राज्याच्या प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग पुढे सविस्तर, आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल. कचऱ्याचे डम्प यात नाहीत, ते दुसऱ्या नियमांत. चांगलंच आहे, पण यादी होईपर्यंत तुमचं बुकिंग थांबणारे का?

तोवर आपल्या हातातली एक गोष्ट आहे जी मला फार कोणी विचारताना दिसली नाही. २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, ते पत्र केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर मिळतं. त्यात बारीक अक्षरांत अटी असतात आणि आपल्या राज्यातल्या बऱ्याच पत्रांत एक अट ठरलेली, की जड धातू आणि इतर विषारी द्रव्यं झिरपून भूजल बिघडत नाही ना हे बघायला माती आणि भूजलाचे नमुने तपासायचे. बिल्डरने दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा रिपोर्ट द्यायचा असतो. मग तो रिपोर्ट मागा ना! कुठली लॅब, नमुने किती, किती खोलीवरचे आणि प्लॉटच्या कुठल्या कोपऱ्यातले. गेटजवळचा एकच नमुना असेल तर मागचा काळा पट्टा तपासलाच नाही असं समजायचं.

आम्ही दोन ठिकाणी मागितला. एका ऑफिसात "मेल करतो" म्हणाले, अजून करतायत. दुसऱ्यांनी दिला, त्यात मातीचे आकडे आहेत, भूजलाचं पान नाही, ते परत मागितलंय आणि ते येईपर्यंत टोकन द्यायचं नाही असं बहिणीने ठरवलंय, मामा जरा वैतागलाय कारण ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे. कोलशेत रोडच्या कारखान्यांत पूर्वी नोकरीला असलेलं कोणी ओळखीचं असेल तर सांगा, शेडच्या मागे काय चालायचं ते त्यांनाच माहिती असतं.