चषक भरवताना : कोल्हापूरच्या एका फुटबॉल हंगामाचा माझा अनुभव

कोल्हापुरात वरिष्ठ संघांच्या खेळाडूंची नोंदणी झाली की फुटबॉलचा हंगाम सुरू झाला असे समजतात. आधी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या केएसएची, साखळी स्पर्धा होते आणि त्यानंतर तालीम संस्था, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यांभोवती उभी राहिलेली आणि स्वतःचे फुटबॉल संघ असलेली पेठांतील मंडळे, प्रायोजक मिळवून आपापल्या चषकाच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा भरवतात. अशाच एका हंगामात आमच्या तालमीने चषक भरवायचे ठरवले, आणि परवानग्यांची व मैदानाची बाजू माझ्या वाट्याला आली.

सर्वांत अवघड काम तारखा मिळवण्याचे होते. शाहू स्टेडियम एकच आणि त्यावर डोळा ठेवून बसलेल्या संस्था अनेक. सोळा संघांची बाद स्पर्धा म्हणजे १५ सामने. रोज दोन सामने खेळवले तरी मधल्या विश्रांतीसह पंधरवडा सहज जातो. त्यात दहावी-बारावीच्या परीक्षा, शिवजयंती आणि जोतिबाची चैत्र यात्रा. यात्रेच्या दिवसांत पोलीस डोंगरावर गुंतलेले असतात, त्यामुळे त्या काळात बंदोबस्त मागण्यात अर्थ नसतो. केएसएने तारखा दिल्या, परंतु पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेल्यावर पहिला प्रश्न आला तो कोणत्या दिवशी कोणाची गाठ कोणाशी, हा. म्हणजे भाग्यपत्रिका, चिठ्ठ्या काढून ठरवलेला लढतींचा तक्ता, आधी हवी. आणि प्रायोजकांची इच्छा मात्र अशी की चिठ्ठ्या उद्घाटनाच्या समारंभात, पाहुण्यांच्या हस्ते निघाव्यात. बरीच मनधरणी केल्यावर त्यांनी समारंभासाठी चषकाच्या अनावरणावर समाधान मानले.

बंदोबस्ताचा हा आग्रह बाहेरच्या माणसाला अनाठायी वाटेल. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, प्रॅक्टिस ही नावे येथे केवळ संघांची नाहीत, ती पेठांची आणि घराण्यांची आहेत, आणि पराभव गल्लीत पोहोचायला वेळ लागत नाही. दोन मोठ्या संघांचे समर्थक एकाच दरवाजाने बाहेर पडणार नाहीत, याची आखणी मला सामन्याच्या नियमांपेक्षा महत्त्वाची वाटली आणि आजही वाटते.

सामन्याच्या दिवशी दुपारी फक्की मारून रेषा आखल्या जात, गोलजाळीची उसवलेली कड सुतळीने बांधली जाई आणि दोन्ही संघांच्या याद्या नोंदणीच्या कार्डांशी ताडून पाहिल्या जात. आधीच्या सामन्यांतील पिवळ्या कार्डांमुळे कोण बाहेर बसणार, हे त्याच टेबलावर ठरे. एका सामन्यानंतर हरलेल्या संघाने प्रतिस्पर्धी खेळाडूच्या पात्रतेवर लेखी हरकत घेतली. रात्री उशिरापर्यंत कागद तपासले. नोंदणी बिनचूक निघाली आणि निकाल कायम राहिला, तरी त्या संघाच्या ज्येष्ठांना समजावण्यासाठी आमच्या अध्यक्षांना स्वतः त्यांच्या तालमीत जावे लागले. नियमाने सुटलेला प्रश्न माणसांच्या पातळीवर पुन्हा सोडवावा लागतो, हा कोल्हापूरचा रिवाज आहे.

उपांत्य सामना बरोबरीत सुटून टायब्रेकरवर गेला, तेव्हा हलगी थांबली होती आणि मी फाटकाजवळ पोलीस निरीक्षकांना बाहेर पडण्याच्या मार्गाचा क्रम सांगत होतो. निकाल मला गॅलरीतून उठलेल्या आरोळीवरूनच समजला. माझ्याजवळ उभी असलेली चेंडू आणून देणारी मुले मात्र तेवढ्यातही अनिकेत जाधवची चर्चा करत होती. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा हा मुलगा भारताकडून खेळला, तेव्हापासून येथील पोरांच्या बोलण्यात पेठेबाहेरचा फुटबॉलही आला आहे.

अंतिम सामन्याला गॅलरी भरली आणि बक्षीस समारंभ भाषणांमुळे लांबला, त्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. पुढचे काही आठवडे हिशेबात गेले: पंचांचे मानधन, मैदानाचे भाडे, रुग्णवाहिका, मांडव, आणि प्रायोजकांनी तोंडी कबूल केलेल्या रकमेचा उरलेला हप्ता. तो हातात पडल्यावरच कार्यकारिणीने पुढील हंगामाच्या तारखांसाठी केएसएकडे द्यायच्या अर्जावर सही केली.