सोलापूरच्या उन्हाळ्यात गेमिंग पीसी

हवेवर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरात खोली 25 अंशांवर असताना प्रोसेसर 70 दाखवत असेल, तर मे महिन्यात 38 अंशांच्या खोलीत तोच साधारण 83 दाखवणार. रायझन 7 7800एक्स3डी या प्रोसेसरची मर्यादा 89 आहे, म्हणजे हातात उरले जेमतेम सहा अंश. म्हणून पैसे रंग बदलणाऱ्या आरजीबी दिव्यांवर नव्हे, जाळीदार तोंडाच्या कॅबिनेटवर घाला.

पुढून दोन 140 मिमीचे पंखे आत, मागून एक 120 मिमीचा बाहेर. आत येणारी हवा जास्त ठेवली की फटींतून धूळ ओढली जात नाही. पंख्याची मोटर धरणाऱ्या दांड्या असलेली बाजू हवा बाहेर फेकते; इथे हमखास उलटं बसतं.

थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप, वाटाण्याएवढी. कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची पातळ फिल्म काढलीत ना? बघा एकदा.

घराशेजारी यंत्रमाग असेल तर सुताची तूस जाळीवर नमद्यासारखी बसते. जाळी दर पंधरवड्याला काढून धुवा, पूर्ण वाळवूनच लावा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरलं तर बेअरिंग जातं. आणि पाण्याच्या डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको.