क्लोरीन होतं, तरीही

त्या सोमवारी लॅबमध्ये पाऊल टाकलं तर ट्रेमध्ये स्टूलच्या, म्हणजे शौचाच्या नमुन्यांच्या, चौदा डब्या. एरवी तीन-चार येतात. फॉर्मवरचे पत्ते पाहिले, तर नऊ जण शहराच्या एकाच भागातले.

पहिली शंका कॉलऱ्याची. लगेच हँगिंग ड्रॉप, म्हणजे काचेवर लोंबणारा नमुन्याचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बाणासारखे सुसाट पळणारे जंतू कुठेच नव्हते. आदल्या आठवड्यातल्या नमुन्यांच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, शिगेला, साल्मोनेला असे जुलाबाचे जीवाणूही वाढले नव्हते. रोटाव्हायरस म्हणावा, तर तो मुख्यतः लहान मुलांचा, आणि रुग्ण बहुतेक मोठी माणसं. नोरोव्हायरस दोन-तीन दिवसांत आवरतो. इथे आठ-आठ दिवस पाण्यासारखे जुलाब चाललेले.

तेवढ्यात वॉर्डमधून फोन. "मॅडम, पाण्यात क्लोरीन व्यवस्थित आहे म्हणतात. मग हे येतंय कुठून?"

क्लोरीनला दाद न देणारं कोण? क्रिप्टोस्पोरिडियम!

जेमतेम 4 ते 6 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हा परजीवी. साध्या वेट माउंटमध्ये, म्हणजे न रंगवलेल्या ओल्या स्लाइडवर, दिसला तरी यीस्ट समजून सोडून दिला जातो. त्यासाठी मॉडिफाइड ॲसिड-फास्ट स्टेन हा खास रंग लागतो, आणि आमच्याकडे तो फक्त एचआयव्हीच्या रुग्णांचा नमुना आला तरच करायची पद्धत होती. ती पद्धत चुकीची होती, हे मी आज ठामपणे म्हणते.

"सगळ्या चौदा स्लाइड्स रंगव," मी टेक्निशियनला सांगितलं.

ऑइल इमर्शनखाली, म्हणजे तेलाचा थेंब टाकून वापरायच्या जास्त मोठं दाखवणाऱ्या लेन्सखाली, पहिलीच स्लाइड लावली. निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी-लाल मणी, म्हणजे तोच परजीवी, विखुरलेले, काहींच्या पोटात गडद दाणे. शेजारचं यीस्ट मात्र निळंच. चौदांपैकी दहा पॉझिटिव्ह. 1993 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात याच परजीवीमुळे सुमारे 4 लाख लोक आजारी पडले होते, तेही प्रक्रिया केलेलं पाणी पिऊन.

पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "क्लोरीनचा डोस वाढवू का?"

"त्याने काही होणार नाही. लोकांना पाणी उकळून प्यायला सांगा, आणि आधी फिल्टर तपासा."

संध्याकाळी फ्रिजमधून जुने नमुने काढले. 'काही आढळले नाही' असा रिपोर्ट गेलेले सहा. चारांमध्ये तेच लाल मणी. त्यातला एक किडनी प्रत्यारोपण झालेल्या बाईंचा होता. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना हा आजार सहसा आपोआप आवरत नाही. नवा रिपोर्ट छापून होईपर्यंत मी थांबले नाही, थेट वॉर्डला फोन लावला.