दुसरी ओळ झीलकऱ्यांची

दिवाळी झाली की आमच्याकडे कापूस वेचणीची घाई असते, अन् तिकडे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. मी यवतमाळकडचा. वऱ्हाडीत गाणी लिहितो, गिटारवर ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांच्या गाण्याच्या वळणानं म्हणतो. त्या दिवशी भंडारा जिल्ह्यातल्या एका मंडईत खडी गंमतीच्या, म्हणजे तिथल्या लोकनाट्याच्या मधात मला पंधरा मिनिटं मिळाली.

हा नाद मला मडी वॉटर्स या ब्लूज गायकामुळे लागला. १९४१ साली लोकगीतं गोळा करणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सनं मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर जाऊन त्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. कापूस म्हटल्यावर तो माणूस मला शेजारच्या शिवारातलाच वाटायचा.

तारांवर घसरवायला बोटात बाटलीची मान घातली अन् कापसाचंच गाणं सुरू केलं, "पऱ्हाटी फुटली माय, गाठीले नाही पैसा." ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा म्हणतात, तिसरी तिला उत्तर देते. मी तीच ओळ पुन्हा घेतली अन् पुढून आवाज आला, "भुलला गा, भुलला!" हशा पिकला. एका म्हाताऱ्यानं भर घातली, "पऱ्हाटी कायची बाप्पा? इथं धान पिकते." खरंच होतं. येताना दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्याच बांध्या पाहिल्या होत्या, तरी डोक्यात शिरलं नव्हतं.

मागं बसलेले शाहीर उठले. "सूर कोनचा?" मी म्हटलं, पांढरी तीन. तुणतुणेवाल्यानं खुंटी पिळली, तार एकदा छेडली. "आता म्हन."

मी पहिली ओळ म्हटली. दुसरी मागं साथीला गाणाऱ्या दोघा झीलकऱ्यांनी उचलली, "धान कापला माय, गाठीले नाही पैसा." आठ वर्षं मी दोन्ही ओळी एकटाच म्हणत होतो. शेतात एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची, त्यातूनच ब्लूज निघालं. वाचलं होतं सारं. पण ओ द्यायला कोणी नाही म्हणून मीच मला ओ देत बसलो होतो.

"आला पावना दारी, त्याले च्या पाजू कैसा," यावर लोक हसले. या वेळी हसू जिथं पाहिजे तिथं आलं.

घोळही झाला. गिटारच्या उत्तरासाठी मी जागा सोडायचो, झीलकरी तिथंच घुसायचे. दोन फेऱ्या माझे कॉर्ड मागं पडले. मग मोजणं सोडलं अन् ढोलकीच्या मागं गेलो. त्यांचा गंधार ना कोमल ना शुद्ध. बाटलीच्या मानेनं मी शोधतो तोच.

निघताना शाहीर म्हणाले, "पुढच्या मंडईले ये. पन कापूस घरी ठेवून ये."